जमातीच्या स्वयंपाकघरासाठी फळ्या

कोकणातल्या मुस्लिम मोहल्ल्यांत लग्न, अकीका किंवा चेहलम निघालं की भांडी विकत आणावी लागत नाहीत आणि भाड्यानेही नाहीत. देगा, पराती, झारे, पाण्याची पिंपं जमातीची असतात. वहीत नाव लिहायचं, सामान न्यायचं आणि घासूनपुसून, मोजून परत करायचं. हरवलं तर भरून द्यायचं. आमच्या चिपळूणच्या मोहल्ल्यातही हीच रीत आहे. देगांच्या काठावर जमातीचं नाव कोरलेलं आहे, म्हणजे कोणाच्याही घरी गेली तरी देग आपला पत्ता विसरत नाही.

या भांड्यांसोबत दोन ओंडके होते. गोश्त तोडायचे, चिंचेच्या लाकडाचे, मधोमध खोलगट झालेले. कोणी आणले आणि कधी, हे जमातीच्या वहीत नाही. आमच्या आधीच्या पिढीने ते जसे पाहिले तसेच आम्हीही पाहिले. २०२१च्या जुलैत ते गेले.

ती तीन दिवसांची गोष्ट चिपळूणकर विसरणार नाहीत. २० जुलैला आषाढी एकादशी होती, २१ला बकरी ईद आणि २२ला पहाटे वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं. आदल्या दिवशी ओंडक्यांवर कुर्बानीचं गोश्त तुटलं होतं आणि दुसऱ्या दिवशीच्या कुर्बान्या बाकी होत्या. शहराच्या सखल भागातले तळमजले बुडाले, बाजारपेठ बुडाली, कोकण रेल्वे थांबली. पाणी ओसरल्यावर जमातीची खोली उघडली तेव्हा सगळं चिखलात होतं. तांब्याच्या देगा आम्ही राखेने आणि चिंचेने घासल्या, कल्हई करून घेतली आणि त्या पुन्हा उभ्या राहिल्या. धातूचं तसं असतं. लाकडाचं तसं नसतं. त्या पाण्यात गटाराचं पाणी होतं, डिझेल होतं, मेलेली जनावरं होती. ओंडके फुगले, मग वाळताना उभे चिरले आणि त्या चिरांमधून कितीही धुतलं तरी वास जाईना. ज्या लाकडावर अन्न कापायचं त्याबद्दल मनात एकदा शंका आली की ते लाकूड सरपणाचं.

त्याच आठवड्यात जमातीचं स्वयंपाकघर खऱ्या अर्थाने सुरू झालं. तोपर्यंत ती नुसती भांड्यांची खोली होती. पुराच्या दुसऱ्या दिवसापासून तिथे डाळभात शिजू लागला आणि गल्लीत ज्या घराची चूल पेटत नव्हती त्या घरी जाऊ लागला. चूल कोणाचीच पेटत नव्हती, त्यामुळे डबे सगळ्यांकडे गेले. शेजारच्या आळीतल्या एका आजींनी डबा घेतला, झाकण उघडून पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, ‘‘बाळांनो, राग मानू नका. यातला कांदा चिरलात कशावर?’’

त्या दिवशी उत्तर सोपं होतं. ओंडके चिखलात पडले होते आणि कांदा, बटाटा, मिरच्या मोहल्ल्यातल्या बायकांनी वरच्या मजल्यांवर वाचलेल्या आपापल्या विळ्यांवर चिरल्या होत्या. ते आम्ही सांगितलं. आजींनी डबा ठेवून घेतला. पण प्रश्न आमच्याकडेच राहिला. चातुर्मास लागलेला, घरात दोन दिवस अन्न नाही आणि तरीही माणूस हा प्रश्न विचारतो, तो आपल्याला कमी लेखावं म्हणून नव्हे. त्याच्यासाठी तो खाण्याइतकाच महत्त्वाचा असतो. आपल्यालाही परक्या ठिकाणी जेवताना ‘हलाल आहे ना?’ असं विचारावं लागतंच. तेव्हा समोरच्याने तोंड वाकडं न करता नीट उत्तर द्यावं, एवढीच आपली अपेक्षा असते.

पुढच्या वर्षी जमातीने ठरवलं की ही खोली आता स्वयंपाकघर म्हणूनच चालवायची: रमजानमध्ये इफ्तार, लग्नकार्यं, आणि गरज पडली की सगळ्या आळीसाठी जेवण. ओटा बांधला, नळ आला, पंखा लागला. उरल्या होत्या चिरण्या-कापण्याच्या फळ्या. त्यासाठी बारा हजार रुपये मंजूर झाले. जकातीचा पैसा गरजूच्या हातात पडला पाहिजे, तो भांड्यांवर खर्चता येत नाही. म्हणून हा पैसा लिल्लाहच्या डब्यातून निघाला. खरेदीसाठी मुंबईला जायचं ठरलं आणि आम्ही पाच जण निघालो. तिघी बाया, एक कॉलेजात शिकणारा मुलगा आणि ज्यांचा हयातभर मटणाचा धंदा होता ते चाचा.

निघण्याआधीच वाद झाला. मोहल्ल्यातल्या मोठ्या आपा म्हणाल्या, फळ्या हव्यात कशाला? आपल्याकडे विळी आहे. विळीला फळी लागत नाही, चिरलेलं थेट परातीत पडतं, दोन्ही हात मोकळे राहतात आणि दहा बायका गोल करून बसल्या की पंचवीस किलो कांदा गप्पांमध्ये संपतो. हे सगळं खरं आहे. पण विळीवर बसायला गुडघे लागतात. आमच्या दहांपैकी सहा जणींचे गुडघे आता उठताना ओरडतात. नव्या सुना आणि मुलं ओट्याशी उभं राहून सुरीने चिरतात, त्यांना विळीची भीती वाटते. शेवटी असं ठरलं की विळ्या राहतील आणि फळ्याही येतील. जिला जसं जमेल तसं.

जूनचा तिसरा आठवडा होता. रात्रीच्या कोकणकन्येने निघून पहाटे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरलो. दुकानं उघडायला वेळ होता, म्हणून चालत क्रॉफर्ड मार्केटला गेलो. १८६९ साली उभी राहिलेली ही मंडई. दारावरची दगडी शिल्पं लॉकवूड किपलिंगची, म्हणजे लेखक रुडयार्ड किपलिंगच्या वडिलांची. आता नाव महात्मा जोतिबा फुले मंडई असं आहे, पण टॅक्सीवाल्याला जुनंच कळतं. फळांच्या गाळ्यांवर हापूस संपत आला होता आणि उत्तरेकडचे आंबे रचले जात होते. एका गाळेवाल्याने आम्हाला ‘असली रत्नागिरी’ चाखायला दिला. आम्ही कोण आणि कुठले, हे त्याला सांगितलं नाही.

मंडईच्या मटणाच्या भागात चाचा आम्हाला मुद्दाम घेऊन गेले. ‘‘विकत घ्यायच्या आधी वापरलेलं बघा,’’ ते म्हणाले. तिथे ओंडके म्हणजे झाडाच्या बुंध्याच्या जाड चकत्या, तीन पायांवर उभ्या. चाचांनी हात फिरवून दाखवलं. फळीच्या लाकडात रेषा आडव्या झोपलेल्या असतात, तिच्यावर सुरी त्या रेषा तोडत जाते. बुंध्याच्या चकतीत रेषा उभ्या असतात, ब्रशच्या केसांसारख्या. सत्तूर त्या केसांमध्ये शिरतो आणि बाहेर आला की केस पुन्हा मिटतात. म्हणून ओंडका वर्षानुवर्षं टिकतो आणि सत्तुराची धारही टिकते. धंदा बंद करताना पातं आडवं धरून ओंडका खरवडायचा आणि वर खडं मीठ चोळून ठेवायचं, हा चाचांचा रोजचा नेम होता.

मंडईच्या समोरून आत गेलं की अब्दुल रहमान स्ट्रीट लागते. स्वयंपाकघरात जे जे लागतं, आणि जे लागेल असं वाटलंही नव्हतं, ते सगळं या रस्त्यावर घाऊक भावात आहे. हॉटेलांना सामान पुरवणाऱ्या एका दुकानात आम्ही शिरलो. भिंतीला टेकून फळ्या उभ्या होत्या: लाल, निळी, हिरवी, पिवळी, पांढरी, तपकिरी. दुकानदाराने हॉटेलांची पद्धत समजावली. लाल कच्च्या मटणाला, निळी मासळीला, हिरवी भाजी आणि फळांना, पांढरी पाव आणि दुधाच्या पदार्थांना. पिवळीबद्दल जगात एकमत नाही. कुठे ती कच्च्या कोंबडीसाठी वापरतात, कुठे शिजवलेल्या मांसासाठी. आम्हाला ही पद्धत लगेच पटली, कारण रंग वाचायला शाळा लागत नाही. आमच्याकडे मदतीला येणाऱ्या काही बायका अक्षर ओळखत नाहीत, पण हिरवं म्हणजे भाजी हे कोणाला सांगावं लागत नाही.

तेवढ्यात आमच्यातला मुलगा शांतपणे म्हणाला, ‘‘मला यातली लाल आणि हिरवी सारखीच दिसतेय.’’ आम्हाला वाटलं, थट्टा करतोय. तो थट्टा करत नव्हता. लाल-हिरव्यात गल्लत होणारी माणसं, त्यातही पुरुष, सगळीकडे असतात. बऱ्याच जणांना ते स्वतःलाही माहीत नसतं. दुकानदाराने तिथेच तोड काढली. प्लॅस्टिकची फळी करवतीने कापता येते. लाल फळ्यांचा एक कोपरा तिरका छाटून टाकायचा. डोळ्यांनी चुकलं तरी हाताला कळेल.

मग प्रश्न आला जाडीचा. बारीक फळी स्वस्त असते, पण गरम पाण्याने धुतली की वाकते आणि ओट्यावर डुगडुगायला लागते. डुगडुगत्या फळीवर बोट कापलं जातं. आम्ही वीस मिलिमीटर जाडीच्या घेतल्या, दीड फूट लांब आणि एक फूट रुंद. त्याहून मोठी फळी ओल्या हातांनी नळाखाली धरणं आमच्यातल्या वयस्कर बायकांना जमलं नसतं. नखाने ओरखडून पाहिली. फार मऊ असेल तर महिन्यात खाचा पडतात, काचेसारखी कडक असेल तर सुरी निसटते. काचेच्या आणि स्टीलच्या फळ्याही होत्या. दिसायला स्वच्छ, पण त्यांच्यावर सुरीची धार दोन दिवसांत जाते आणि पंचवीस किलो कांद्याचा तो खणखणाट कोण ऐकणार! बांबूची फळी हलकी आणि देखणी होती, पण ती पट्ट्या गोंदाने चिकटवून केलेली असते आणि सतत ओल असलेल्या कोकणात गोंदावर भरवसा ठेवण्याची आमची तयारी नव्हती.

‘‘मग सगळंच प्लॅस्टिक घ्या, लाकूड अस्वच्छ असतं,’’ दुकानदार म्हणाला. चाचांना ते लागलं. इथे दोघांच्याही बोलण्यात थोडं थोडं तथ्य आहे. अमेरिकेतले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डीन क्लायव्हर यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला नेमकी हीच तपासणी केली होती. नवी प्लॅस्टिकची फळी सहज निर्जंतुक होते. पण सुरीच्या खाचा पडलेली जुनी प्लॅस्टिकची फळी हाताने घासून नीट साफ होत नाही, खाचांमध्ये जंतू टिकून राहतात. लाकडावर पडलेले जंतू ओलाव्याबरोबर आत ओढले जातात, तिथे वाढत नाहीत आणि हळूहळू मरतात. याचा अर्थ लाकूड धुवायचं नाही असा नाही. साबण आणि गरम पाणी दोघांनाही लागतं आणि कच्च्या मांसाची फळी भाजीपासून वेगळी ठेवणं दोन्हीकडे सक्तीचंच. पण ‘प्लॅस्टिक म्हणजे स्वच्छ, लाकूड म्हणजे घाण’ हा हिशेब खरा नाही. प्लॅस्टिकच्या फळीला वय असतं, एवढं लक्षात ठेवायचं.

शिवाय सत्तूर प्लॅस्टिकवर मारता येत नाही. हाड तोडताना फळीचे कपचे उडतात आणि ते रश्शात जातात. म्हणून आमचा हिशेब असा झाला: हाडं तोडायला लाकूड, बाकी सगळ्याला प्लॅस्टिक. हिरव्या चार, लाल दोन, निळी एक, पांढरी एक.

जोहरची वेळ झाली होती. शेजारच्या शेख मेमन स्ट्रीटवर जुम्मा मशीद आहे. १८०२ साली पूर्ण झालेल्या या मशिदीशी मुंबईच्या कोकणी मुसलमान व्यापाऱ्यांचं नातं जुनं आहे. गलबतांवर कमावलेला पैसा त्यांनी इथे लावला. आमच्यातले दोघे नमाजला आत गेले, आम्ही तिघी फळ्यांच्या गठ्ठ्यापाशी सरबत घेत थांबलो. बाहेर आल्यावर चाचांनी आतल्या हौदाचं वर्णन केलं. वर नमाजाची जागा, खाली कमानी आणि त्या कमानींच्या पायाशी पाणी, त्यात मासे. वजूला बसलं की शहराचा आवाज कमी होतो, म्हणाले. कापडबाजार, सोनेबाजार आणि भांडीबाजार यांच्या ऐन मध्यात ते पाणी दोनशे वर्षांहून अधिक काळ आहे.

तिथून पायधुणीमार्गे भेंडीबाजार. वाटेत तांबाकाटा लागतो, जुन्या मुंबईचा तांब्यापितळेच्या भांड्यांचा बाजार. भेंडीबाजारात जुन्या चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत. एका बाजूला काचेच्या इमारती, दुसऱ्या बाजूला वाळत घातलेले कपडे आणि लाकडी जिने. या परिसरातल्या दाऊदी बोहरा समाजाने सामुदायिक स्वयंपाकाची मोठी व्यवस्था उभी केली आहे. ‘फैजुल मवाइदिल बुरहानिया’ या नावाने ती ओळखली जाते. तिच्यातून घरोघरी डबे जातात, म्हणजे घरातल्या बाईला तेवढा वेळ मोकळा मिळतो. रस्त्याने जाणारे ते डबे पाहून आम्ही एकमेकींकडे पाहिलं. आमच्या एका खोलीच्या मानाने ते फार मोठं काम, पण मूळ प्रश्न तिथेही तेच असणार: कोण चिरणार, कशावर चिरणार, कोण धुणार.

बकरी ईदला तीन आठवडे राहिले होते आणि नळबाजाराच्या बाजूला फुटपाथवर चटया, सुऱ्या आणि ओंडके यांचा बाजार लागला होता. धार लावणाऱ्यांच्या चाकांतून ठिणग्या उडत होत्या. ओंडक्यांच्या थप्प्या पाहून आमचा मुलगा म्हणाला, ‘‘सगळे सारखेच तर आहेत.’’ चाचा हसले आणि पुढचा तासभर त्यांनी विक्रेत्याचा अंत पाहिला.

प्रथम रंग. चिंचेच्या ओंडक्याचा गाभा गर्द तपकिरी असतो आणि भोवती पिवळसर लाकूड. गाभा फार मोठा असेल तर तो कडक असतो पण त्याच्या कडेने चीर जाते. मग नाक. चिंचेला फारसा वास नाही. आंबूस वास आला तर लाकूड ओलं ठेवून कुजलंय. मग वजन. आंब्याचं लाकूड चिंचेचं म्हणून विकतात, ते उचलताच कळतं, कारण चिंच जड असते. आंब्याचं मऊ लाकूड सत्तुराखाली भुसा सोडतं. मग नाणं वाजवून पाहिलं. भरीव आवाज हवा. शेवटी पाणी. चाचांनी बाटलीतलं पाणी वर ओतलं आणि जिथे ते चटकन आत गेलं तिथे बोट ठेवलं. ‘‘इथे चीर आहे. आता दिसत नाही, शव्वालपर्यंत दिसेल.’’ विक्रेता उत्तर प्रदेशातला तरुण होता. तो म्हणाला, ‘‘चाचा, आप दुकान पे बैठ जाओ, मैं घर जाता हूँ.’’ भाव मात्र त्याने त्यानंतर मनापासून कमी केला.

दोन ओंडके घेतले, सव्वा फूट व्यासाचे, अर्धा फूट जाड, कडेला लोखंडी पट्टी ठोकलेले. एकेक पंधरा किलोच्या वर. उरलेल्या पैशात दोन सुऱ्या आणि धार लावायचा दगड आला. परतीच्या गाडीत ओंडके पायांपाशी ठेवले. शेजारच्या बाकावरच्या बाईंनी विचारलं, हे काय, स्टूल का? त्यांच्या नातवाने रोह्यापर्यंत त्यावर बसूनच प्रवास केला.

घरी आल्यावरचं काम विकत घेण्याइतकंच महत्त्वाचं निघालं. नवा ओंडका उन्हात ठेवला की फुटतो, म्हणून सावलीत दोन विटांवर ठेवला, खालून वारा लागेल असा. पहिल्या आठवड्यात त्याला तीनदा तेल पाजलं. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल नको, खाण्याचं तेल लाकडात खवट होतं. औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन घ्यावं, ते खवटत नाही. प्लॅस्टिकच्या फळ्यांना भोकं पाडून भिंतीवर खिळ्यांना टांगल्या. भाजीच्या एका भिंतीला, मांस-मासळीच्या समोरच्या भिंतीला, मध्ये नळ. ओल्या फळ्या एकावर एक रचायच्या नाहीत. फळीखाली ओलं फडकं घातलं की ती सरकत नाही. मांसाची फळी साबणाने धुतल्यावर चार लिटर पाण्यात मोठा चमचाभर ब्लीच घालून त्या पाण्याने पुसायची, थोडा वेळ तशीच ठेवायची, मग स्वच्छ पाण्याने धुवायची. पांढऱ्या फळीवर हळदीचे डाग पडले तर घासत बसू नये, फळी उन्हात ठेवावी. हळदीचा रंग उन्हात उडतो. आणि सुऱ्यांच्या मुठींनाही त्याच रंगाची चिकटपट्टी लावली, कारण फळी वेगळी आणि सुरी एकच, असं झालं तर वेगळेपणाला काय अर्थ!

त्या वर्षी, २०२२ साली, बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आली, १० जुलैला. आमच्या मोहल्ल्यातल्या अनेक घरांनी कुर्बानी दुसऱ्या दिवसावर नेली. शाफई मसलकात ईदनंतर तीन दिवस मुभा आहेच, त्यामुळे कोणाला जड गेलं नाही. ईदच्या दिवशी नवे ओंडके कोरडे राहिले आणि हिरव्या फळ्यांवर बटाटे चिरले गेले. दुसऱ्या दिवशी चाचांनी बिस्मिल्ला म्हणून ओंडक्यावर पहिला सत्तूर मारला आणि आवाज ऐकून मान हलवली.

पुराला वर्ष झालं त्या दिवशी, २२ जुलैला, आळीतल्या सगळ्यांसाठी जेवण ठेवलं. भाजी, आमटी, भात. त्या आजी आल्या. जेवायला बसायच्या आधी त्यांनी स्वयंपाकघर पाहायला मागितलं. आम्ही दोन्ही भिंती दाखवल्या, कोपरा छाटलेली लाल फळी हातात दिली, सुऱ्यांच्या मुठी दाखवल्या. त्यांनी प्रत्येक फळीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, ‘‘सगळं छान केलंत. पण चातुर्मासात मी कांदा-लसूण खात नाही. तुमच्या चारही हिरव्या फळ्यांना कांद्याचा वास आहे.’’

क्षणभर कोणी बोललं नाही. मग मोठ्या आपा, ज्यांना फळ्याच नको होत्या, त्या हसू लागल्या. त्यांनी स्वतःची विळी काढली, धुऊन पुसली, आजींसमोर पाट टाकला आणि त्यांच्यासाठी दोन बटाटे आणि काकडी तिथेच चिरली. दोघी बोलत बसल्या, पुराबद्दल, गुडघ्यांबद्दल, दोघींच्या मुंबईतल्या मुलांबद्दल. पुढच्या महिन्यात पाचवी हिरवी फळी आली. तिच्या भोकात पांढरी दोरी बांधली आहे आणि तिच्यावर कांदा चिरायचा नाही, हे आता मोहल्ल्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

आपल्या जमातीसाठी, मदरशासाठी किंवा वसतिगृहासाठी फळ्या घ्यायला निघणार असाल तर दुकानात जाण्याआधी घरीच बसून तीन गोष्टी विचारून घ्या. चिरणार कोण आहे? तिची उंची, तिचे गुडघे, तिच्या मनगटातली ताकद, तिचे डोळे. चिरायचं काय आहे? हाडं, मासळी, भाजी, फळं, पाव, आणि यांतलं कशाशी कशाची भेट होता कामा नये. आणि जेवणार कोण आहे? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जितकं मोठं, तितक्या फळ्या जास्त लागतील. आमच्याकडे आता नऊ फळ्या आणि दोन ओंडके आहेत. दोन हिरव्या फळ्या खाचांनी भरल्यात. त्यातली एक सुताराकडे रंधा मारायला गेली आहे. वर्षभर तेवढं चालेल, मग नवी घ्यावी लागेल. वहीत तसं लिहून ठेवलं आहे.